हजारातली पहिली

उल्का: चहा नंतर. आधी बॅट द्या, बाबा.

जगन्नाथ: आलं किसून ठेवलंय. कपभर घे, मग काय ते माग.

उल्का: बॅट, ग्लोव्ह आणि ते खिळ्यांचे बूट. गाडीची डिकी उघडी ठेवून आलेय मी.

जगन्नाथ: बंद करून ये बाप्पा. या टेक्ससच्या उन्हात भाजी सुकेल.

अनिका: भाजी नाहीये, आजोबा. मम्मानं डिकी रिकामी केलीय. स्पेशली तुमच्या बॅटसाठी.

उल्का: फ्रिजवर काय लावलंय ते वाचा. मोठ्यानं.

जगन्नाथ: चष्मा सापडत नाही.

उल्का: काल चष्म्याशिवाय हजारावी हिट मारलीत ना? मग एवढं मोठं अक्षर दिसेल.

अनिका: मी वाचते, मीच लिहिलंय. "मी, जगन्नाथ गजभिये, वय चौऱ्याहत्तर, स्टेंट दोन, लिहून देतो की बेसबॉलमधली माझी हजारावी हिट झाली की बॅट माझ्या मुलीच्या ताब्यात देईन आणि पुन्हा मैदानात उतरणार नाही." खाली सही. साक्षीदार, अनिका. मराठी शाळेत मला याचे एक्स्ट्रा मार्क मिळाले.

जगन्नाथ: मिळणारच. 'ताब्यात' किती सुरेख लिहिलंयस. हे बघ उल्का, मी शब्दाचा पक्का माणूस. करार मला शंभर टक्के मान्य आहे. हजारावी हिट झाली की. पण झालीच नाही अजून.

उल्का: काल केक कापला आपण! अर्धा आत आहे. त्यावर एक आणि तीन शून्यं काढलीत.

अनिका: दोनच राहिलेत. एक झीरो मी खाल्ला.

जगन्नाथ: बघ. केकसुद्धा शंभरावर उतरला.

उल्का: बाबा, अख्ख्या टीमनं टोप्या काढून टाळ्या वाजवल्या. मी फोनवर व्हिडिओ घेतलाय.

जगन्नाथ: वाजवणारच! असा बॉल आपल्या शुगर लँड गावानं पाहिला नव्हता. एक शब्द वाढवून सांगत नाही, बॅटला लागला तेव्हा सेंटर फिल्डरनं हात जोडले. बॉल कुंपणावरून गेला, मागच्या बायूच्या, त्या संथ ओढ्याच्या पाण्यात पडला, तिथं मगर जांभई देत होती...

अनिका: आजोबा, तो सेकंड बेसमनच्या डोक्यावरून गेला आणि टुपकन पडला. ते अंकल लिटरली एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना मागे पळता येत नाही.

जगन्नाथ: पडला ना? हिट ती हिट. मगर दोन हजार एक सालची, जरा सरमिसळ झाली.

अनिका: मम्मा, आजोबा 'एक शब्द वाढवून सांगत नाही' म्हणाले की समजायचं वाढवलंय. मी ट्रॅक ठेवलाय. हंड्रेड पर्सेंट.

उल्का: विषय बदलू नका. कालची हिट झाली की नाही?

जगन्नाथ: झाली. निखळ हिट. पण ती नऊशे नव्व्याण्णवावी.

उल्का: परवापर्यंत तुम्हीच मोजत होतात! नऊशे सत्त्याण्णव झाल्या, नऊशे अठ्ठ्याण्णव झाल्या, रोज फोन!

जगन्नाथ: मोजणी बरोबर होती. माल खोटा होता. त्या हजारात एक हिट अशी आहे, जी हिटच नव्हे.

उल्का: आणि हे तुम्हाला आजच कळलं. मी डिकी उघडल्यावर.

जगन्नाथ: कळलं होतं आधीच. उपयोग आज आहे.

अनिका: वेट. हिट नव्हे म्हणजे? तुम्ही बॉल मारला, फर्स्ट बेसवर पोचलात, ती हिटच ना?

जगन्नाथ: तसं नाही, बेटा. मी सरळ सोपा बॉल मारला आणि समोरच्यानं तो हातातून सांडला, तर मी पोचतो, पण ती माझी हिट नाही, त्याची चूक. वहीत 'ई' लिहायचा, एरर. आणि हिट द्यायची की एरर, हे ठरवतो स्कोअरर. त्याची पेन्सिल म्हणजे सुप्रीम कोर्ट.

उल्का: एक कमी, एक जास्त. बाबा, नऊशे नव्व्याण्णव आणि हजारात फरक काय? तुमच्या हृदयाला कळतो?

जगन्नाथ: तू डॉक्टर आहेस ना? मग सांग, वरचं प्रेशर एकशे एकोणचाळीस आलं तर तुम्ही म्हणता मीठ कमी करा. एकशे चाळीस आलं की गोळी. एकानं काय आभाळ कोसळतं?

उल्का: ते वेगळं आहे.

जगन्नाथ: काऊन वेगळं? माणसाला कुठं तरी रेघ मारावीच लागते. मोठ्या बेसबॉलमध्ये ती तीन हजार हिट्सवर मारलीय. एक बिचारा दोन हजार नऊशे सत्त्याऐंशीवर घरी गेला. तेरा कमी! त्याच्या काळी कुणी त्या रेघेकडे बघतही नव्हतं, म्हणून गेला निवांत. आज असता तर व्हीलचेअरवरून मारल्या असत्या त्यानं तेरा. दुसरा एक, त्याच्या तीन हजार झाल्या की नाही यावर तो मेल्यानंतर शंभर वर्षं लोक भांडतायत. मला मेल्यावर भांडण नको. जिवंतपणी हवं. तुझ्याशीच.

उल्का: ठीक. कुठली हिट खोटी? दाखवा. पुरावा.

जगन्नाथ: अनिका, पलंगाखालची ट्रंक ओढ. सगळ्यात खालची वही. निळी.

अनिका: वॉव, एकोणतीस वर्षांच्या वह्या! ही? 'एप्रिल चौदा, एकोणीसशे शहाण्णव.' हे हँडरायटिंग कुणाचंय? 'आय'वर स्टार काढलाय.

जगन्नाथ: तुझ्या मम्माचं. कंपनीची लीग होती, रविवारी मॅच. हिची आई स्टोअरमध्ये ड्युटीवर, मग हिला कुठं ठेवू? नेली बरोबर. स्कोअरर नव्हता, दिलं पुस्तक हातात. दहा वर्षांची पोरगी, पण नियम असे पाठ की अंपायर तिच्याकडे बघून हात वर करायचा. एक शब्द वाढवून...

अनिका: वाढवलंय.

जगन्नाथ: थोडं.

अनिका: मम्मा, तू बेसबॉलचा स्कोअर लिहायचीस? तू तर म्हणतेस तुला बोअर होतं.

उल्का: आण इकडे ती वही.

जगन्नाथ: पाचवी इनिंग. माझी पहिली हिट. त्याआधी सहा मॅचेस मी नुसता वारा घातला होता. बघ, काय लिहिलंयस?

उल्का: हिट लिहिलंय. हिटच होती.

जगन्नाथ: उजेडाकडे धर. खाली खोडलेलं दिसतंय. 'ई' आणि सहा. सहा म्हणजे शॉर्टस्टॉप, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर. बॉल त्याच्या दोन पायांमधून गेला, बोगद्यातून मालगाडी जावी तसा. तू आधी एरर लिहिलीस, मग खोडलीस.

उल्का: बॉलनं खराब उसळी घेतली होती. ऐन वेळी उसळला.

जगन्नाथ: उसळला नाही. सरपटत गेला.

उल्का: मी स्कोअरर होते. मी म्हणते उसळला.

अनिका: ओ माय गॉड. आजोबा म्हणतायत माझी हिट काढून घ्या आणि मम्मा म्हणतेय नाही काढणार. तुम्ही दोघं उलटे झालात.

उल्का: सगळे हसत होते, बाबा. तुम्हाला आठवत नसेल.

जगन्नाथ: न आठवायला काय झालं? मी बॅट घेऊन पळालो.

अनिका: बॅट घेऊन? बॅट टाकायची असते ना!

जगन्नाथ: नागपूरला बॅट टाकून पळणाऱ्याला आउट करून घरी पाठवतात. जन्मभर क्रिकेट खेळलेला माणूस, हातातली बॅट सोडेल कशी? पळालो बॅट घेऊन, आणि पहिल्या बेसवर टेकवली. वाकून. क्रीझमध्ये टेकवतात तशी.

उल्का: दोन्ही टीम पोट धरून हसल्या. आणि तुम्ही हेल्मेट काढून त्यांना हात दाखवत होतात, सेंच्युरी झाल्यासारखा. तुम्हाला वाटलं ते टाळ्या वाजवतायत. मी एरर लिहिली होती. मग तुमच्याकडे बघितलं आणि खोडली. दहा वर्षांची होते मी. काय करायला हवं होतं?

जगन्नाथ: मला कळत होतं ते हसतायत ते.

उल्का: कळत होतं?

जगन्नाथ: म्हणून तर हात दाखवला. हसा लेको, म्हटलं, मी पोचलोय. वही मी त्याच दिवशी दुपारी पाहिली. खोडलेलंही पाहिलं. संध्याकाळी जयंतीचा कार्यक्रम, हॉलमध्ये दोनशे माणूस. ती हिट खोडून टाकायला सांगणार होतो तुला. पण स्टेजवर माइक हातात आला आणि माझा तोल गेला. सांगून टाकलं, आज बाबासाहेबांच्या जयंतीला या देशात माझी पहिली हिट झाली. पुढच्या रांगेत तू टाळ्या वाजवत होतीस. मग कसं सांगणार?

उल्का: एकोणतीस वर्षं गप्प बसलात?

जगन्नाथ: पोरीनं बापाला दिलेली वस्तू परत करतात का?

उल्का: मग आता का करताय?

जगन्नाथ: आता गरज पडली.

उल्का: खेळायची हाव. दुसरं काही नाही.

जगन्नाथ: आहेच हाव. नाकारलं मी?

उल्का: मग माझंही ऐका. गेल्या ऑगस्टमध्ये तुम्ही सेकंड बेसवर पडलात तेव्हा एकशे तीन डिग्री ऊन होतं. मला निरोप आला तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. पेशंटला भूल मीच दिलेली, पोट उघडलेलं, माझी जागा घ्यायला दुसरं कुणी येईपर्यंत मला पाऊल हलवता येत नव्हतं. चाळीस मिनिटं. त्या माणसाचे ठोके मॉनिटरवर बघत होते आणि तुमचे चालू आहेत की नाही हे मला कुणी सांगत नव्हतं. आई गेली तेव्हा निदान मी तिच्या उशाशी होते.

जगन्नाथ: हे बोलली नाहीस कधी.

उल्का: बोलायला तुम्ही जागा ठेवता? शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय होतं तुमचं?

अनिका: मला माहितीय. "सेफ होतो की आउट?"

जगन्नाथ: सेफ होतो.

उल्का: बाबा!

जगन्नाथ: चुकलं माझं. तुला आधी बोलू द्यायला हवं होतं. पण उल्का, मला इथं खुर्चीत बसवून तू माझं आयुष्य वाढवशील, नाही असं नाही. पण मी त्या खुर्चीत बसून करू काय? हजार सांगत फिरू? ज्यातली पहिलीच खोटी आहे?

उल्का: कोण तपासणार आहे? तुमच्या पंधरा म्हाताऱ्यांखेरीज कुणाला पडलंय?

जगन्नाथ: माझ्या बाला पडलं असतं.

अनिका: तुमचे बाबा बेसबॉल खेळायचे?

जगन्नाथ: क्रिकेट. खेळायचा असं म्हणता येत नाही, तोच तर मुद्दा आहे. नागपूरला मिलमध्ये कामाला होता. मिलची टीम होती. बाचे हात असे होते की चिमणीसुद्धा उडता उडता... नाही. ते राहू दे. चांगले हात होते. त्याला अकरात कधी घेतलं नाही. अकरात घेतला असता तर दुपारी पंगतीला घ्यावा लागला असता, त्यांच्या माठातलं पाणी द्यावं लागलं असतं. मग काय करायचे, मॅच अडली की कुणाच्या तरी पायात गोळा यायचा. तो बाहेर, माझा बा आत. बदली. बदलीला बॅटिंग नाही, बोलिंग नाही, नुसतं पळायचं आणि झेलायचं. तो झेलायचा. आणि वहीत लिहायचे, 'कॉट सब'. बदली माणसानं झेलला. नाव नाही. नियमच आहे, बदलीचं नाव लिहीत नाहीत.

अनिका: किती कॅचेस घेतले त्यांनी?

जगन्नाथ: कुणी चाळीस म्हणायचं, कुणी दोनशे. बाला विचारलं तर हसायचा. आकडा कागदावर नाही ना, मग माणूस गप्पाच मारणार. मी लहानपणी शाळेत पाचशे सांगायचो. तिथूनच माझी ही खोड लागली असेल.

उल्का: मला कधी सांगितलं नाहीत हे.

जगन्नाथ: तुला मगर सांगितली. मगर सांगायला सोपी. आता ऐक. बाचे झेल खरे होते, त्यांना नाव नव्हतं. माझ्या हिटला नाव आहे, ती खरी नाही. मला एकदा दोन्ही पाहिजे. वहीत माझं नाव आणि त्याच्यासमोर खरा हजार. मग तुझ्या डिकीत बॅट मी स्वतः आणून ठेवीन.

अनिका: मम्मा. आजोबा या वेळी ते म्हणाले नाहीत.

उल्का: काय?

अनिका: 'एक शब्द वाढवून सांगत नाही.' म्हणालेच नाहीत.

उल्का: हं. कळलं मला.

अनिका: आजोबा, या बाकीच्या वह्यांमध्ये पिवळे स्टिकी का लावलेत?

जगन्नाथ: खुणा आहेत. मिटव ती वही.

अनिका: अठ्ठ्याण्णव मे, खाली खोडलंय. नव्व्याण्णव, खोडलंय. मम्माचंच हँडरायटिंग. इथं पण! एकूण... पहिली धरून बारा.

उल्का: बारा? मी बारा वेळा खोडलं?

जगन्नाथ: तुझं मन मोठं होतं. तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत. मग बघ, दोन हजार दोनची वही. हिरव्या खुणा. दोन.

अनिका: इथं उलटं आहे. हिट लिहून खोडलीय आणि वर एरर.

जगन्नाथ: त्या दोन्ही माझ्या खणखणीत हिट्स. त्या आठवड्यात मी हिला मैत्रिणींबरोबर गॅल्व्हेस्टनच्या बीचवर जाऊ दिलं नव्हतं.

उल्का: मी असं केलं?

जगन्नाथ: नियम पाठ होते तुला. सूड घेतलास, पण सुवाच्य अक्षरात.

अनिका: म्हणजे हजारातून बारा मायनस, दोन प्लस. नऊशे नव्वद. आजोबा, तुम्हाला दहा हव्यात!

जगन्नाथ: दोन मोसम. फार तर तीन. वर्षाला चारपाच तर डोळे मिटून...

उल्का: थांबा. एकदम थांबा. स्कोअरर कोण?

जगन्नाथ: तू.

उल्का: पेन्सिल कुणाची?

जगन्नाथ: तुझी.

उल्का: मग ऐका निकाल. मधल्या सगळ्या जशा आहेत तशा राहतील. त्यांतली एकही मला आठवत नाही, जे आठवत नाही ते मी बदलणार नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालात ना? अपील नाही. पहिली मला आठवते. बॉल उसळला नव्हता. सरपटत गेला. अनिका, खोडरबर दे.

(कागदावर खोडरबर घासल्याचा आवाज. बराच वेळ.)

उल्का: ई, सहा. झालं. नऊशे नव्व्याण्णव.

जगन्नाथ: कागद फाटला नाही ना?

उल्का: पातळ झालाय. आता अटी. जून लागायच्या आत. चार शनिवार आहेत, सकाळी आठची मॅच, पाच इनिंग्ज. फर्स्ट बेसवर पोचलात की तुमच्या जागी दुसरा पळेल.

जगन्नाथ: बदली? माझ्या जागी बदली? गजभियांच्या घरात बदली पुरे झाले. पहिल्या बेसपासून पुढं मीच जाणार.

उल्का: चालत जाणार.

जगन्नाथ: झपझप चालत.

उल्का: दर इनिंगला पाणी. मी पल्स बघणार. आणि चार शनिवारांत नाही झाली तर नऊशे नव्व्याण्णववर बॅट डिकीत. मगर आडवी आली तरी.

जगन्नाथ: आणि पहिल्याच शनिवारी झाली तर?

उल्का: तर त्याच दिवशी. मुद्दाम आउट होऊन चौथ्या शनिवारापर्यंत लांबवाल, मला माहीत आहे.

जगन्नाथ: मी? मुद्दाम? मला आउट होण्यासाठी प्रयत्न करावे लागत नाहीत, बाई.

उल्का: आणि वही मी लिहिणार. शनिवारची ड्युटी मी बदलून घेते. पण आधीच सांगते, बाबा, समोरच्या एकोणऐंशी वर्षांच्या काकांनी सोपा बॉल सांडला तर मी एरर देणार. तुम्ही हेल्मेट काढा, हात दाखवा, मैदानात रडा. एररच देणार.

जगन्नाथ: तेच मागतोय कधीचा.

अनिका: मग नवीन वही उघडू? मी पहिलं पान करते. नाव काय लिहू? लीगच्या लिस्टमध्ये आजोबा 'जॅक जी' आहेत.

उल्का: ते खोड. पूर्ण नाव लिही.

अनिका: जगन्नाथ गजभिये.

उल्का: मधलं कुठंय?

अनिका: मधलं काय?

उल्का: आपल्यात मधे वडिलांचं नाव असतं. आजोबांना विचार.

जगन्नाथ: रामभाऊ.

अनिका: जगन्नाथ रामभाऊ... मम्मा, बॉक्स संपला. मावत नाहीये.

उल्का: रेघ ओलांड. मधलं गाळायचं नाही.